कडी लावून घ्या

काळं सुती कापड, खिडकीच्या मापाचं, कडेला दुहेरी शिवण.

फडक्यात बांधलेली भाकरी, कुणाच्या तरी हातात निवत चाललेली.

‘यंत्राला मुलगा काय, मुलगी काय.’

कापसाच्या गाड्या, एकीमागे एक, उभ्या. बैलांना कळत नाही का थांबलो ते.

पृथ्वी, भिंतीवर, माणसाहून उंच.

अकोल्याच्या मोटार स्टँडवर एक बाई मांडीवर संत्र्याची पेटी घेऊन बसलेली. पेटीत संत्री नाहीत.

वैशाखातलं एक लग्न. वऱ्हाडाला जेवण चांगलं होतं म्हणतात.

*

अमरावतीच्या एका ट्रेनिंग कॉलेजात चारुशीला मास्तरांना शिकवायची. म्हणजे मास्तरांनी मुलांना कसं शिकवायचं, ते शिकवायची. वकिलाची मुलगी. बाप कोर्टात जेवढं बोलत नाही तेवढं ही वर्गात बोलते, असं घरातच म्हणत, आणि ते खोटं नव्हतं.

साल साठ. नवं राज्य होऊन वर्षही झालं नव्हतं. कॉलेजात बाकं जुनी होती आणि शिक्के नवे. त्या उन्हाळ्यात तिला मुंबईला पाठवलं होतं, दृक्‌श्राव्य साधनांचा कोर्स करायला. नाव तोंडात बसायला आठवडा लागला, पण यंत्र पहिल्याच दिवशी मनात बसलं. प्रोजेक्टर. आत चित्रांची पट्टी घालायची, दिवा लावायचा, कळ फिरवायची. भिंतीवर ज्वालामुखी येतो. कळ फिरवली की ज्वालामुखी जातो आणि त्याच्या पोटात काय असतं ते येतं. पुस्तकातलं बोटभर चित्र आजवर वर्गभर फिरवून फिरवून मळायचं; आता सगळा वर्ग एकदम एकच गोष्ट बघणार होता.

परत आली ती यंत्रं घेऊनच. गावोगावच्या शाळांना एकेक द्यायचं होतं. पण आधी मास्तरांना ते चालवता यायला हवं आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्याच्याजवळ उभं राहून शिकवता यायला हवं. नाहीतर तो नुसता सिनेमा. म्हणून कार्तिकात तिनं शिबिर भरवलं. बाजारातून काळं कापड आणून स्वतः पडदे शिवले, कॉलेजच्या हॉलच्या सगळ्या खिडक्यांना.

मास्तर आले अकोल्याकडून, दर्यापूरकडून, आकोटकडून. यंत्राकडे दुरूनच बघत होते, नवीन सुनेकडे बघावं तसे.

“बाई,” अकोल्याचे धर्मपाल गुरुजी म्हणाले, “याले चारापानी काय लागते?”

“बल्ब लागतो. आणि वर्गात शांतता लागते. बल्ब मी देईन, शांतता तुमची तुम्ही बघा.”

हॉल हसला. धर्मपाल गुरुजी सगळ्यात जास्त हसले. असा तो वर्ग होता; चारुशीलेला तो आवडला.

सगळ्या पुरुषांत बाई एकच. तेल्हाऱ्याची मनकर्णाबाई. काळ्या मातीत राबणाऱ्या घरातली, नवरा लवकर गेलेला, सासऱ्यानं शिकवून मास्तरीण केलेली. पदर घट्ट खोचून यंत्राजवळ सगळ्यांच्या आधी तीच गेली. पट्टी घालायला तीच आधी शिकली. जेवायला दोघी एकत्र बसत, तेव्हा ती एकाच मुलीबद्दल बोलायची.

“माही एक पोट्टी हाय, बाई. रुख्मिणी. नत्थुजीची. सातवीत हाय. फायनल पास झाली का तुमच्याकडंच धाडते.”

“बाप पाठवेल?”

“तेच तं. पाचवीतच काढत होता. म्या त्याच्या आंगनात जाऊन बसली. म्हटलं, नत्थुजी, तुमच्या पोरीवर माहा डोया राहीन, शायेत तिच्या केसाले धक्का लागनार नाई. मंग म्हने, बरं. तुमच्या भरोशावर.”

तेल्हाऱ्याच्या बाजूची एकही मुलगी तोवर या कॉलेजात आली नव्हती. चारुशीलेनं त्याच दिवशी प्राचार्यांना सांगून टाकलं, पुढच्या वर्षी वसतिगृहात एक खाट तेल्हाऱ्याची. न बघितलेली ती मुलगी तिला आपलीच वाटू लागली.

*

चारुशीलेनं छापून शाळांना धाडलेल्या सूचना सगळे मास्तर एका सुरात म्हणून दाखवत :

पट्टी आधीच बघून ठेवा. भिंग पुसून घ्या. मुलांना आधी सांगा काय बघायचं आहे. खिडक्या झाका. दाराला आतून कडी लावून घ्या. पाठ संपेपर्यंत दार उघडू नका. उजेड आत आला की चित्र पुसलं जातं, चित्र पुसलं की मूल…

*

“बाई, अंधार करनंच लागते काय?”

मनकर्णाबाईनं हे भर हॉलमध्ये विचारलं, तिसऱ्या का चौथ्या दिवशी.

“करावाच लागतो. नाहीतर भिंतीवर काही दिसणार नाही.”

“माह्या वर्गात सातवीच्या पोरी हायेत.”

“मग?”

“मोठ्या हायेत,” ती म्हणाली. आणि आजूबाजूच्या पुरुषांकडे बघून थांबली.

“मंग काय,” धर्मपाल गुरुजी म्हणाले, “मोठ्या पोरींले अंधारात दिसत नाई काय?”

हॉल हसला. चारुशीलाही हसली. हसता हसता म्हणाली, “अहो, यंत्राला मुलगा काय, मुलगी काय. त्याला फक्त अंधार लागतो.” मनकर्णाबाई खाली बसली. वाक्य चांगलं जमलं होतं. चारुशीलेनं पुढे दोन-तीनदा वापरलं.

खरं तर दुसरा मार्ग होता. मुंबईत तो शिकवलाही होता. एक खोकं घ्यायचं, आतून काळं करायचं, एका तोंडाला तेल लावलेला पातळ कागद ताणून बसवायचा आणि दुसऱ्या तोंडातून प्रोजेक्टरचा उजेड आत सोडायचा. कागदावर चित्र दिसतं. खिडक्या उघड्या, दार उघडं, तरी दिसतं. पण दिसतं हातभर. रंगही जरा फिके. मुलांना अगदी जवळ घेऊन बसावं लागतं. पहिल्या दिवशी हॉलच्या भिंतीवर छतापर्यंत पृथ्वी उभी राहिली होती, तेव्हा सगळ्या मास्तरांच्या तोंडून एकदम श्वास बाहेर पडला होता, आणि तो आवाज चारुशीलेच्या कानात होता. त्या आवाजानंतर खोकं काय दाखवायचं? राहून गेलं. पुढच्या शिबिरात बघू, असं तिनं ठरवलं.

मग सरावाचे पाठ झाले. मनकर्णाबाईचा पाठ ‘पृथ्वीचं फिरणं’. मास्तरच मुलं होऊन बसलेले. तिचा आवाज खणखणीत होता, आणि पृथ्वी फिरते म्हणजे काय हे ती जात्याच्या खुंट्यावर सांगत होती. मध्येच दार वाजलं. कुणी मास्तर चहाला रेंगाळले होते. मनकर्णाबाईनं बोलणं तोडलं, जाऊन कडी काढली. दुपारचा उजेड आत घुसला आणि पृथ्वी भिंतीवरून नाहीशी झाली.

“दार का उघडलं?”

“कोनी तरी वाजवून राह्यलं होतं, बाई.”

“वाजवू दे.”

“दारात आलेल्या मानसाले उभं ठेवता येते काय?”

“ही शाळा आहे, मनकर्णाबाई. घर नाही.” सगळ्यांना ऐकू जाईल असं चारुशीला म्हणाली. आणि पाठाचे मार्क कापले. थोडे नाही, चांगले कापले. सगळ्यांत हुशार बाईचे कापले म्हणजे बाकीच्यांना आपोआप कळतं, असा तिचा हिशेब.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच पाठ. पाठ रंगात आला तेव्हा चारुशीला स्वतः पडद्याआडच्या मागच्या दारानं बाहेर गेली, पुढच्या दाराशी आली आणि कडी वाजवली. उघडलं नाही. पुन्हा वाजवली, जोरात. आतून मनकर्णाबाईचा आवाज आला, “पाठ चालू हाय. थांबा.” चारुशीला व्हरांड्यात उभी राहून एकटीच हसली. इतका आनंद तिला वर्षभरात झाला नव्हता.

आत येऊन सगळ्यांसमोर म्हणाली, “शाबास. असं.”

*

माघात ती शाळा बघायला निघाली. शिबिरात शिकलेलं गावात कसं चाललंय ते बघायचं होतं. अकोल्याहून आकोट, आकोटहून तेल्हारा. मोटारीत कापसाची म्हातारी उडत होती, सगळ्यांच्या केसांवर बसत होती. तेल्हारा तिनं मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. गोड घास शेवटी ठेवावा तसं.

मुख्याध्यापक उत्तमराव दारातच भेटले. “या या बाई. बसा. चहा घेऊ.” चहा झाला. मग त्यांनी कापसाच्या भावाचं काढलं. मग आकोटच्या रस्त्याचं. मग पुन्हा चहाचं.

“मी सातवीचा वर्ग बघते,” चारुशीला म्हणाली.

“बघा ना. बघा. तसं बघण्यासारखं काही…” उत्तमरावांनी टोपी काढून पुन्हा घातली.

वर्गात मुलगे बसलेले. उजव्या अंगाला जमीन मोकळी, शेणानं सारवलेली. मुलींची बसायची पट्टी गुंडाळून कोपऱ्यात उभी केलेली. यंत्र कपाटात, त्यावर दसऱ्याच्या अवजारासारखी हळदीकुंकवाची बोटं.

मनकर्णाबाई फळ्याशी होती. तिनं हातातला खडू खाली ठेवला नाही. “बाई, तुमी आल्या,” एवढंच म्हणाली.

मुलांना सोडून दिलं. मग दोघी त्या मोकळ्या जमिनीवर बसल्या आणि तिनं सांगितलं.

झालं ते असं. पौषातली दुपार. मनकर्णाबाईनं सगळं शिकवल्याबरहुकूम केलं होतं. वीज नव्हती, तर कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या मालकाकडून ट्रकची बॅटरी बैलगाडीत घालून आणली. पडदे नव्हते, तर पोरांनी घरून घोंगड्या आणल्या आणि खिडक्यांना ठोकल्या. मुलांना आधी सांगितलं काय बघायचं आहे. मग दाराला आतून कडी.

त्या दिवशी रुख्मिणी उपाशीच आली होती. शाळेत शिनेमा येणार म्हणून तिच्यानं घरी घास गिळवेना. नत्थुजी कापसाची गाडी घेऊन जिनिंगला निघाले, तेव्हा तिच्या आईनं भाकरी बांधून दिली. रस्त्यातच शाळा होती. गाडी तशीच रस्त्यात उभी केली, भाकरी घेऊन दाराशी आले. खिडक्या घोंगड्यांनी झाकलेल्या. दार बंद. त्यांनी वाजवलं.

“पट्टी उलटी लागली होती तवा,” मनकर्णाबाई म्हणाली. “भितीवरची मानसं डोक्यावर चालून राह्यली होती. पोट्टे-पोट्टी खदखदा हासत होते. तेच बाहीर गेलं. नुसतं हासनं.”

“मग?”

“म्या आतून म्हटलं, पाठ चालू हाय, थांबा.”

मनकर्णाबाई हातातला खडू बोटांत फिरवत होती.

“कोन हाय ते मले काय ठाऊक. मले वाटलं, वाजवू दे.”

नत्थुजी थांबले. बाई म्हणाल्या थांबा, म्हणून थांबले. तो हंगाम होता, जिनिंगचा रस्ता अरुंद होता, आणि त्यांची गाडी मध्येच उभी होती. मागून येणाऱ्या गाड्या एकीमागे एक थटत गेल्या. गाडीवान उतरले, काय खोळंबा झाला ते बघायला पुढे आले. बघतात तर शाळेच्या खिडक्या झाकलेल्या, दाराला आतून कडी, आत अंधार, आत पोरापोरींचं हसणं, आणि बाहेर एका मुलीचा बाप हातात भाकरी घेऊन उभा.

“कोनी काई बोललं नाई,” मनकर्णाबाई म्हणाली. “बोलले असते तं बरं झालं असतं. पाठ पुरा झाला, म्या दार उघडलं. पोरं बाहीर आली. उजेडानं डोये बारीक करत, घामानं वली, केस इस्कटलेले. घोंगड्यांनं उकडत होतं ना आत. त्याईत रुख्मिणी. हासत आली. बापाले पाहून आखीन हासली. म्हने, बाबा, मानसं उलटी चालत होती.”

नत्थुजींनी भाकरी तिच्या हातात दिली आणि बैल हाकले. दुसऱ्या दिवशी रुख्मिणी आली नाही. आठवडा गेला नाही तोच सातवीची एकही मुलगी आली नाही. मग सहावीच्या, मग खालच्या वर्गांतल्याही.

“उत्तमराव काय म्हणाले?”

“ते अकोल्याले मिटिंगले गेले होते. आता म्हनतात, बाई, मी असतो तं…” मनकर्णाबाई जराशी हसली. “ते असते तं कोनतं दार उघडलं असतं? त्यायनंबी तेच वाचलं होतं, जे तुमी छापून धाडलं.”

“मला नत्थुजींकडे घेऊन चला,” चारुशीला म्हणाली.

*

नत्थुजी अंगणात कापसाच्या ढिगापाशी बसले होते. बाई आल्या म्हणून उठले, खाट टाकली, वरचं पटकुर झटकलं. आतून पाणी आलं.

चारुशीलेनं येताना वाटेत भाषण जुळवलं होतं. शिक्षणाचं महत्त्व, नवं राज्य, मुलींचं पुढचं आयुष्य. त्यातलं पहिलं वाक्य झालं आणि नत्थुजी म्हणाले, “हाव ना, बाई. खरं हाय.” मग दुसरं वाक्य कशाला बोलायचं ते कळेना.

“आत काही वावगं नव्हतं, नत्थुजी. मनकर्णाबाई आतच होत्या.”

“मले ठाऊक हाय.”

“पृथ्वीचं फिरणं शिकवत होत्या.”

“रुख्मीनं सांगतलं मले. समदं सांगतलं. उन्हाया कसा येते, हिवाया कसा येते.” ते बोटांनी सरकी चाचपत होते. “मले पोरीचा भरोसा हाय. बाईचाबी हाय. पन त्या समद्या गाड्यावाल्यांले मी घरोघर जाऊन काय सांगू? का आत पिरथिमी फिरत होती?”

मनकर्णाबाई खाली बघत होती.

“तुमी शिकलेल्या बाया,” नत्थुजी म्हणाले, “तुमचं बरोबरच असन. अंधार लागते तं लागते. मले येवढंच सांगा, कडी काहून लावली?”

“उजेड आत येतो म्हणून.”

“घडीभर येऊन येऊन किती येनार होता?” त्यांनी विचारलं. खरंच विचारलं, टोमणा नव्हता. “दार उघडलं असतं तं मी आत येऊन बसलो असतो. मंग लावायची होती कडी. म्याबी पायलं असतं. मले काय पाहू वाटत नाई?”

चारुशीलेनं विचारलं, “रुख्मिणीला बोलावता का? मला भेटायचं होतं तिला.”

“वरूडले धाडली, मावशीकडं. सोयरिक झाली तिची. वैशाखात लगीन हाय.” आणि जरा थांबून, “मानसं चांगली हायेत. बगीचा हाय संत्र्याचा.”

“फायनल देऊन मग…”

“आता नाई, बाई.” ते अगदी हळू म्हणाले. “पान्याचा गिलास तसाच राह्यला तुमचा.”

चारुशीलेनं पाणी पिऊन टाकलं.

*

परतीच्या मोटारीत, मग अमरावतीच्या घरात, मग वर्गात शिकवता शिकवता मध्येच, चारुशीला ती दुपार मनात पुन्हा मांडायची.

दार वाजतं. मनकर्णाबाई कडी काढते. उजेड आत घुसतो, पृथ्वी पुसली जाते, पोरं ओरडतात. नत्थुजी भाकरी घेऊन उंबऱ्यात. “या, बसा,” मनकर्णाबाई म्हणते, दारात आलेल्या माणसाला म्हणतात तसं. ते मागं भिंतीला टेकून बसतात, पागोटं मांडीवर. गाडी रस्त्यात उभीच, म्हणून मागचे गाडीवान येतात, तेही बसतात. वर्गात बसायला जागा उरत नाही. पुन्हा अंधार. पुन्हा पृथ्वी. पट्टी उलटी लागते आणि सगळे गाडीवान पोरांच्या बरोबरीनं हसतात. संध्याकाळी जिनिंगवर कापूस उशिरा पोचतो आणि तिथं सगळे सांगत सुटतात की पृथ्वी

इथं ती थांबायची. यापुढे तिला मांडता येत नसे, कारण यापुढे रुख्मिणी फायनलला बसते, पास होते, वसतिगृहाच्या त्या खाटेवर येऊन वळकटी सोडते, आणि या सगळ्या जागी तिला चेहरा द्यावा लागला असता. चेहरा चारुशीलेनं कधी बघितलाच नव्हता.

चैत्रात तिनं बाजारातून संत्र्याची एक रिकामी पेटी आणली. आतून काजळीनं काळी केली. एका तोंडाला पातळ कागद ताणून चिकटवला, त्यावर जवसाचं तेल फिरवलं, सावलीत वाळवला. मोरोपंतांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, विचारलं, “हे काय, कंदील?” ती म्हणाली, “हो, तसाच.” पेटी मांडीवर घेऊन ती तेल्हाऱ्याला गेली. कुणाचा धक्का लागू नये म्हणून अकोल्याच्या स्टँडवर कुणी विचारलं तर सांगायची, काचेचं आहे.

मनकर्णाबाईनं शाळेच्या ओसरीवर पाठ घेतला. दारं उघडी, खिडक्या उघड्या. चित्र हातभरच होतं. रंग फिके होते. पोरं अगदी जवळ बसली, गुडघ्याला गुडघा लावून, आणि त्यांच्या मागं त्यांच्या आया, आणि आयांच्या मागं रस्त्यानं जाणारे. दुसरी-तिसरीच्या काही मुली परत आल्या होत्या. सातवीतली कुणी नव्हती. त्यांची परीक्षा होऊनही गेली होती.

नत्थुजी आले. मागं उभे राहून त्यांनी पृथ्वी पूर्ण एक फेरी फिरताना बघितली. जाताना चारुशीलेजवळ थांबून म्हणाले, “बेस दिसते, बाई.” आणि मग, जणू आपलीच काही चूक असावी तसं, “आधी आनायची होती.”

पुढच्या सगळ्या शिबिरांत चारुशीलेनं पहिल्या दिवशी ती पेटीच दाखवली. मास्तरांचा श्वास एकदम बाहेर पडत नसे. ते पुढे वाकून डोळे बारीक करत, आणि कुणीतरी मागून म्हणे, बाई, थोडं मोठं होत नाई काय? ती म्हणायची, होतं, पण नको. कडीचं वाक्य तिनं छापील सूचनांतून काढून टाकलं. वसतिगृहातली ती खाट त्या वर्षी अमरावतीच्याच एका मुलीला मिळाली. मुलगी हुशार होती. चारुशीला तिच्याशी नीट बोलायची, पण त्या खोलीत फारशी जात नसे.

पौषातल्या त्या दुपारी, दार वाजत होतं तेव्हा, यंत्राची कळ रुख्मिणी फिरवत होती. मनकर्णाबाईनं तिला आदल्या दिवशी शिकवून ठेवली होती, आणि उलटी लागलेली पट्टी काढून सुलट बसवली तीही तिनंच.